तिसरीच्या वर्गासाठी दीक्षा की स्टोरीवीव्हर?

राधानगरीकडच्या जिल्हा परिषद शाळेतल्या ताई विचारत होत्या, "सर, वेळ एकालाच देता येतोय. कुठलं धरू?"

पैशाचा प्रश्नच नाही; दीक्षा हे सरकारी शिक्षण-अ‍ॅप आणि स्टोरीवीव्हर ही पोरांच्या गोष्टींची वेबसाइट, दोन्ही फुकट.

दीक्षा (२०१७ पासून) थेट धड्याला धरून चालतं. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या धड्याचंच साहित्य समोर. शोधाशोध वाचते. व्हिडिओ मात्र आदल्या रात्री घरीच डाउनलोड करून ठेवा. डोंगराकडेला रेंजच्या भरवशावर राहिलं की पोरं गोल फिरणारी चकती बघत बसतात. माझी बसलीत!

'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हरवर (२०१५ पासून) धडा शोधू नका, तिथं गोष्टी आहेत. वाचनाचे चार स्तर, त्यामुळं अडखळणाऱ्यालाही हातात देण्याजोगं काही मिळतं. पीडीएफ छापली की नेट नको. शिवाय परवाना खुला. मूळ लेखक-चित्रकारांचं नाव ठेवून गोष्ट बदलताही येते. मी एका गोष्टीत कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीचा बाजार घातला, तर कधी तोंड न उघडणारं पोरगं "मी वाचतो" म्हणत उठलं. निवडायला, छापायला वेळ जातो, हे खरं.

पोर्शन मागं पडलाय, वर्गात टीव्ही आहे, तर दीक्षा. पोरं वाचताना अडखळतायत आणि प्रिंटरची सोय आहे, तर स्टोरीवीव्हर. ताईंना मी स्टोरीवीव्हरच सुचवलं.