टेम्पररीत (काउन्सिलने दिलेल्या तात्पुरत्या घरात) राहून काउन्सिलच्या घराची वाट बघायची, की काउन्सिलच्या मदतीने प्रायव्हेट भाड्याचं घर घ्यायचं?

इंग्लंडमध्ये मुलाबाळांसकट घर सोडायची वेळ आली आणि काउन्सिलकडे (स्थानिक नगरपालिकेकडे) गेलं की शेवटी प्रश्न याच दोन गोष्टींवर येऊन अडतो. नोटीस, अर्ज, हाउसिंग ऑफिसरची मुलाखत, पर्सनलाइज्ड हाउसिंग प्लॅन (काउन्सिलने आणि तुम्ही काय करायचं याची लेखी योजना) हे सगळं तुमचं झालंय असं धरून लिहितोय. आम्ही आधी टेम्पररीत राहिलो, मग काउन्सिलने मिळवून दिलेल्या प्रायव्हेट घरात आलो, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार सांगू शकतो. प्रत्येक काउन्सिलची पद्धत वेगळी असते, तेव्हा माझं म्हणणं तुमच्याकडे जसंच्या तसं लागू होईलच असं नाही.

आपल्यातले बरेच जण वर्क व्हिसावर आहेत म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी मदत घेता येणार नाही अशी अट) असेल तर ही होमलेसनेसची मदत मिळत नाही. घरात मुलं असतील तर चिल्ड्रन ॲक्ट १९८९ च्या सेक्शन १७ खाली सोशल सर्व्हिसेसकडे जाता येतं, पण तो रस्ता पूर्ण वेगळा. खालचं सगळं आयएलआर (कायम राहायची परवानगी) किंवा सिटिझनशिप असलेल्यांसाठी आहे.

आता टेम्पररी. यातली सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे मेन ड्युटी चालू राहते, म्हणजे तुम्हाला घर देण्याची जबाबदारी काउन्सिलवरच असते आणि रजिस्टरवर (घरांच्या प्रतीक्षायादीवर) तुम्हाला प्राधान्य असतं. बिडिंग करत (रिकाम्या होणाऱ्या घरांसाठी नाव टाकत) राहायचं आणि एकदा काउन्सिलचं किंवा हाउसिंग असोसिएशनचं (कमी भाड्याची घरं देणाऱ्या संस्थेचं) घर लागलं की भाडं कमी, टेनन्सी पक्की, मालक घर विकतोय वगैरे भानगड नाही. हे खरंच मोठं आहे, मी ते कमी लेखत नाही. पण इंग्लंडमध्ये २०२५ मध्ये १ लाख ३० हजारांहून जास्त कुटुंबं टेम्पररीत होती आणि तीन बेडरूम लागणाऱ्यांची रांग तर फारच हळू सरकते. मुलं असलेल्या कुटुंबाला किचन-बाथरूम शेअर करायला लागणाऱ्या बी अँड बीमध्ये (लॉजसारख्या जागेत) सहा आठवड्यांपेक्षा जास्त ठेवायचं नाही असा नियम आहे, पण त्यानंतर मिळतं ते बऱ्याचदा रात्रीच्या हिशोबाने भाडं लागणारं घर, आणि तिथून कधीही हलवू शकतात.

माझ्यासाठी फैसला झाला तो इथेच, आणि कारण ऐकायला छोटं वाटेल. पत्ता. जागेची अडचण, गाद्या, वॉशिंग मशीन हे सगळं माणूस रेटून नेतो हो, पण दर वेळी हलवलं की जीपी (फॅमिली डॉक्टर), शाळा, युनिव्हर्सल क्रेडिट (कमी कमाईवाल्यांना मिळणारा सरकारी भत्ता), बँक, ऑफिसचं एचआर, ड्रायव्हिंग लायसन्स, सगळीकडे पत्ता बदलायचा, आणि एक काम पूर्ण होईपर्यंत पुढच्या हलवाहलवीचा फोन. जीपी म्हणणार तुम्ही आमच्या एरियात नाही, मुलाचं हॉस्पिटलचं अपॉइंटमेंट लेटर भलतीकडे जाणार. त्यात काउन्सिलच्या निर्णयावर रिव्ह्यू (फेरविचार) मागायचा तर मुदत २१ दिवसांची, आणि आमचं असंच एक पत्र जुन्या जागेवर गेलं, रिसेप्शनवरच्या भल्या माणसाने जपून ठेवलं म्हणून मिळालं, तोवर मुदत संपत आली होती. बायको त्या दिवशी म्हणाली, मला मोठं घर नको, मला एकच पत्ता पाहिजे. माझं मत तेव्हाच झालं.

दुसरं म्हणजे नोकरी करणाऱ्या घराला टेम्पररी झेपत नाही. तिथलं भाडं बऱ्याचदा बाहेरच्यापेक्षा जास्त असतं, ते हाउसिंग बेनिफिटमधून (भाड्यासाठीच्या सरकारी मदतीतून) जातं आणि कमाई वाढली की हाउसिंग बेनिफिट एका पाउंडामागे ६५ पेन्स कापतं, युनिव्हर्सल क्रेडिट ५५. ओव्हरटाइम घ्यावा की नाही असा प्रश्न पडायला लागला तर काय बोलायचं.

प्रायव्हेटमध्ये काउन्सिल साधारण काय करते तर डिपॉझिट देते किंवा त्याची लेखी हमी देते, पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ भरते, बऱ्याच ठिकाणी मालकालाही काही रक्कम देते म्हणून तो बेनिफिटवाल्यांना घ्यायला तयार होतो. एवढे पैसे एकदम काढणं आपल्याला स्वतःला जड जातं, तेव्हा ही मदत लहान समजू नका. अडचण आहे ती एलएचएची, म्हणजे लोकल हाउसिंग अलाउन्सची, प्रायव्हेट भाड्यासाठी बेनिफिटमधून मिळणाऱ्या कमाल रकमेची. तो दर एरियातल्या खालच्या ३० टक्के भाड्यांच्या पातळीवर ठरवतात, एप्रिल २०२४ मध्ये वाढवला आणि मग पुन्हा गोठवला, बाजारातली भाडी मात्र थांबली नाहीत, त्यामुळे वरचा फरक खिशातून. आम्हीही दर महिन्याला भरतो, सोपं नाही. नोकरी नसेल किंवा कमाई फार कमी असेल तर बेनिफिट कॅपही (एकूण सरकारी मदतीवरची मर्यादा) बघा, कुटुंबाला लंडनमध्ये वर्षाला २५,३२३ पाउंड आणि बाहेर २२,०२०.

मालक पुन्हा काढेल ही भीती मलाही होती. आमची ऑफर तेव्हाच्या नियमाने किमान १२ महिन्यांची होती. आता रेंटर्स राइट्स ॲक्टमुळे १ मे २०२६ पासून सेक्शन २१ ची विनाकारण नोटीस बंद, विकायचंय म्हणून काढायचं तरी पहिल्या वर्षात नाही आणि नंतर चार महिन्यांची नोटीस. काउन्सिलच्या टेनन्सीइतकं पक्कं नाहीच, पण आधीपेक्षा बरंच बरं.

ऑफर आली की एक प्रश्न मात्र ईमेलवर विचाराच, फोनवर नको: ही ऑफर कुठल्या ड्युटीखाली आहे, प्रिव्हेन्शन (घर जाण्याआधीची), रिलीफ (घर गेल्यावरची) की मेन? कारण रिलीफच्या ५६ दिवसांत फायनल ऑफर म्हणून काही दिलं आणि तुम्ही नाही म्हणालात तर पुढे मेन ड्युटी लागतच नाही. आणि हो म्हटल्यावर रजिस्टरवरचा आपला बँड (प्राधान्याचा गट) राहतो की खाली जातो तेही लेखी घ्या, हे काउन्सिलनुसार बदलतं. घर फारच लांब असेल तर शाळा, नोकरी, उपचार यांचा विचार करणं त्यांच्यावर २०१२ च्या सरकारी आदेशाने बंधनकारक आहे, तेव्हा शाळेचं आणि ऑफिसचं पत्र आधीच देऊन ठेवा. मेन ड्युटीखालचं घर पटलं नाही तरी सरळ नाही म्हणण्यापेक्षा हो म्हणून आत जायचं आणि २१ दिवसांत रिव्ह्यू मागायचा हे सेफ, कारण रिव्ह्यूत हरलात तरी डोक्यावर छप्पर असतं.

घरात कुणाला व्हीलचेअर लागत असेल, कुटुंब इतकं मोठं असेल की कॅपमुळे कुठलंच भाडं बसत नाही, किंवा तुमचा बँड वरचा आहे आणि बिडिंगमध्ये नंबर वर येतोय, तर मी थांबायलाच सांगेन. बाकीच्यांना, विशेषतः शाळेत जाणारी मुलं आणि चालू नोकरी असेल तर, भाडं एलएचएच्या जवळपास आणि शाळा बदलायला लागत नसेल, तर मला वाटतं प्रायव्हेट घ्यावं. यातलं एक जरी बसत नसेल तर उत्तर द्यायच्या आधी शेल्टर किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थांना फोन करा, पण ऑफिसरने दिलेल्या तारखेच्या आत.