यात्रेच्या स्वयंपाकाला ‘छोटू’ टाकी: सीमेपर्यंत उत्तम

परभणी, नांदेड, लातूरकडून काशी-अयोध्या करत पुढं नेपाळात पशुपतिनाथाला जाणारी मंडळी आचारी, शेगडी आणि भांडीकुंडी बरोबर घेऊनच निघतात. अशा प्रवासाला इंडियन ऑइलची ५ किलोची ‘छोटू’ गॅसटाकी आम्ही बेधडक सुचवू. घरची १४.२ किलोची टाकी आपल्या एजन्सीशी बांधलेली असते. छोटू मात्र देशभरात कंपनीच्या ज्या पंपावर किंवा एजन्सीत मिळते तिथं रिकामी देऊन भरलेली घेता येते. पहिल्या खरेदीला ओळखपत्र पुरतं, पत्त्याचा पुरावा लागत नाही. एचपीची ‘अप्पू’ आणि भारतगॅसची ‘मिनी’ त्याच तऱ्हेच्या, पण एकीच्या बदल्यात दुसरी मिळत नाही. म्हणून वाटेत कोणाचे पंप जास्त लागतात ते आधी बघा. किलोमागं ही महाग पडते, त्याचं एक कारण म्हणजे घरगुती गॅसवर जीएसटी ५ टक्के आणि हिच्यावर १८.

घेताना वजन करूनच घ्या. टाकीवर रिकामं वजन लिहिलेलं असतं, त्यात ५ मिळवले की काट्यावरचा आकडा यायला हवा. मुठीखालच्या पट्टीवर चाचणीची तारीख असते: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी त्यापुढचे तीन महिने, आणि शेजारी वर्ष. तारीख उलटलेली टाकी परत करा. सील काढून आतलं वायसर फाटलेलं नाही ना ते बघा, आपलंच रेग्युलेटर बसवून पाहा आणि जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर दुकानातच बदला.

घरच्या शेगडीचा मोठा बर्नर ताशी साधारण दीडशे ग्रॅम गॅस खातो. दोन बर्नर रोज चार तास चालले तर टाकी चार दिवस पुरते. दोन टाक्या ठेवाव्यात आणि एक संपली की जिल्ह्याच्या गावीच बदलावी, खेड्यातल्या पंपावर भरलेली असेलच असं नाही.

हिच्यावर भट्टी लावू नका. टाकी लहान, त्यामुळे आतला द्रव गॅस तेवढ्या वेगानं वाफ होऊ शकत नाही. टाकी गार पडते, बाहेर दव धरतं, कधी पांढरं बर्फही, आणि भाताचं आधण अर्ध्यावर असतानाच ज्योत बसते. मग आचारी टाकी आडवी करतात. ते फार धोक्याचं, कारण द्रव गॅस थेट रेग्युलेटरमध्ये जातो आणि भडका उडतो. उकळतं पाणीही ओतू नये. आच कमी करा किंवा दुसरी टाकी लावा. नेपाळातलं मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर आहे. तिथल्या थंडीत शून्याखाली गॅसमधला ब्यूटेन हा घटक उडतच नाही, त्यामुळे तिथली टाकी घेतली तरी हीच अडचण लहान शेगडीवरही येते.

गल्लीतल्या दुकानात मोठ्या टाकीतून छोटीत गॅस भरून देतात, ते बेकायदा आहे. टाकीत साधारण पाचवा हिस्सा मोकळा हवा, नाहीतर मे महिन्यात आपल्याकडच्या ४२-४३ अंशांत द्रव फुगायला जागाच उरत नाही.

नेताना टाकी प्रवाशांच्या गाडीत नको, सामानाच्या उघड्या टेम्पोत सावलीला उभी बांधा, रेग्युलेटर काढून आणि टोपी लावून. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला की बंद गाडीत तळाशी साचतो. रेल्वेत तर नेऊच नका. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईला यात्रेकरूंच्या डब्यात चोरून नेलेल्या सिलिंडरमुळं आग लागली आणि नऊ जण गेले.

नेपाळ सीमेवरच्या सोनौलीपलीकडं छोटूचा उपयोग संपतो. नेपाळला गॅस भारतातूनच जातो, पण टाक्या भरणाऱ्या कंपन्या तिथल्या आहेत, आपली रिकामी देऊन त्यांची भरलेली मिळत नाही. शेवटची बदली गोरखपूरला उरकून टाक्या सीमेअलीकडंच ठेवाव्यात, आणि नेपाळातली धर्मशाळा ठरवतानाच स्वयंपाकघर गॅससकट मिळेल का ते विचारून घ्यावं.