गाडीतलं गरम पाणी: टाकीवाला बॉयलर की टिकटिकणारा गीझर

तुमच्या मोटरहोममधला बॉयलर ऐन थंडीच्या तोंडावर बंद पडला असेल आणि तो दुरुस्त करावा की काढून साधा गॅस गीझर लावावा, असा पेच असेल, तर मी दोन्ही वापरून बसलो आहे. आमच्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पहिली तीन वर्षं कॅरॅव्हॅनसाठीचा दहा लिटर टाकीचा गॅस बॉयलर होता. गेले दोन हिवाळे, घरोघरी न्हाणीघरासाठी लावतात तो मिनिटाला सहा लिटरवाला गीझर मागच्या दाराला बाहेरून लावलेला आहे. फिरणं बहुतेक विदर्भातलंच. मेळघाट, लोणार, नागझिरा, ताडोब्याच्या वेशीवरची गावं.

बॉयलरबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण तो चालू असतो तेव्हा त्याच्यासारखं सुख नाही. बटण दाबायचं, अर्ध्या तासाच्या आसपास पाणी कढत. ज्योत बंद पेटीत, धूर थेट गाडीच्या भिंतीबाहेर, त्यामुळे दार लावून आत निवांत अंघोळ करता येते. बर्नर लहान असतो, म्हणून पाच किलोच्या सिलिंडरची थंडीतही दमछाक होत नाही. पाण्याचा पंप चालू-बंद होत राहिला तरी पाणी एकसारखं गरम येतं.

पण त्याच्या पॅनलवर एक लाल दिवा आहे. माझा निर्णय त्या दिव्यानेच केला.

डिसेंबरात आईला घेऊन चिखलदऱ्याला गेलो होतो. पहाटे देवी पॉइंटला दर्शनाला जायचं, त्याआधी तिची अंघोळ. बटण दाबलं, तीनदा ठिणगी पडल्याचा आवाज आला आणि लाल दिवा लागला. शेगडी पेटवून पाहिली, नीट पेटली, म्हणजे गॅस होता आणि नळीत हवाही अडकलेली नव्हती. स्विच बंद करून थोडं थांबलो, पुन्हा लावला, पुन्हा लाल. बाहेरची जाळी काढून पाहिली, कारण आदल्या वर्षी पावसाळाभर गाडी उभी राहिली तेव्हा कुंभारीण माशीने धुराड्यात मातीचं घर बांधलं होतं. या वेळी धुराडं साफ होतं. ठिणगीची काडी पॉलिश पेपरने घासली. बॅटरीला मीटर लावला, साडेबारा व्होल्ट. सगळं ठीक आणि दिवा लाल. शेवटी आईसाठी शेगडीवर पातेल्यात पाणी तापवलं. तिने तक्रार केली नाही. मला मात्र दिवसभर चुटपुट लागून राहिली.

उतरताना परतवाड्यात एका इलेक्ट्रिशियन दादांना गाडी दाखवली. त्यांनी मीटर बॅटरीला न लावता थेट बॉयलरच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर लावला आणि मला पंप सुरू करायला सांगितलं. काटा साडेदहाच्या खाली आला. गाडीच्या सांगाड्याला जिथे अर्थिंगची वायर कसली होती, तिथला लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची पट्टी, गंजला होता. घासून, ग्रीस लावून पुन्हा कसला आणि बॉयलर पहिल्या झटक्यात पेटला. काम दहा मिनिटांचं, शोध दीड दिवसाचा. ते म्हणाले, "भाऊ, बिमारी तं लहानच होती. पन हे मशीन तोंडानं सांगतच नाही नं."

हेच मला खटकलं. गॅसचा दाब कमी, नळीत हवा, बोर्डाला व्होल्टेज कमी, ठिणगीची काडी काळी, जास्त तापल्यावर तुटणारा कटआउट उडालेला, धुराडं तुंबलेलं, या प्रत्येक गोष्टीला तोच एक लाल दिवा. पुण्या-मुंबईजवळ असाल तर कदाचित हे इतकं टोचणार नाही. धारणीच्या पुढे, जिथे फोनलाही रेंज नाही, तिथे फार टोचतं. पुढच्या वर्षी बोर्डच गेला. विकणाऱ्याने मागवून देतो म्हटलं आणि सहा आठवडे लावले, तोवर थंडी संपत आली होती. टाकी गंजू नये म्हणून तिच्याऐवजी स्वतः झिजणारा आतला मॅग्नेशियमचा रॉडही दर्यापूर-अकोटकडच्या खारपाणपट्ट्यातल्या पाण्याने माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर खाल्ला. रॉड संपला की पाणी टाकी खायला घेतं. तसा रॉड मला अमरावतीत मिळाला नाही.

गीझर याच्या अगदी उलट. तो पायरीपायरीने बोलतो आणि आवाजावरून दुखणं कळतं. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा उचलला जातो, बारीक स्विच दबतो, टिकटिक सुरू होते, मग गॅसचा व्हॉल्व्ह टक्क करून उघडतो आणि ज्योत धरते. टिकटिकच नसेल तर सेल संपले किंवा पाण्याचा दाब कमी. मी आधी दोन मोठे सेल बदलतो, मग पाणी आत येतं तिथली जाळी काढून धुतो, आमच्याकडे बोअरच्या पाण्यातली रेती तिथेच साचते. टिकटिक आहे पण ज्योत नाही, तर गॅसकडे बघा. पेटून दोन-चार सेकंदांत विझतो, तर ज्योत ओळखणारी काडी काळी झाली असेल किंवा वाकली असेल. ज्योत चांगली पण पाणी कोमट, तर तांब्याच्या नळीत क्षार बसले. लिंबूफुलाचं पाणी नळीत तासभर भरून ठेवून काढलं की माझं काम भागतं. रबरी पडदा फाटला तर गॅस शेगडी दुरुस्त करणारा तालुक्यातला कोणीही बदलून देतो.

आता त्याचे दोष. पहिल्याबाबत तडजोड नको. हा गीझर गाडीच्या आत कधीही लावू नका, खिडकी उघडी ठेवून सुद्धा नाही. त्याची ज्योत आजूबाजूच्या हवेतला ऑक्सिजन घेते आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, ज्याला वास नसतो. बंद न्हाणीघरात अशा गीझरने माणसं गेली आहेत, आणि गाडी तर न्हाणीघराएवढीच. माझा मागच्या दाराला बाहेरून आहे, तो पेटलेला असताना जवळच्या खिडक्या बंद असतात, आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे आणि गाडी निघाली की सिलिंडरचा नॉब बंद. पावसात, जोराच्या वाऱ्यात पंचाईत होते, ते मान्य.

दुसरा दोष सिलिंडरचा. गीझर गॅस फार वेगाने ओढतो, पाच किलोचं सिलिंडर थंडीत लवकर गार पडतं आणि अर्धं झालेलं असेल तर तिसऱ्या बादलीला ज्योत बसते. मी पहाटेसाठी भरलेलं सिलिंडर राखून ठेवतो. ते गरम पाण्यात उभं करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

तिसरा दोष पंपाचा. शॉवर बारीक सोडला की पंप थांबत-चालत राहतो आणि त्याबरोबर ज्योतही, मग अंगावर एकदा गार, एकदा पोळणारं पाणी. शॉवरवाल्यांनी पंपापुढे प्रेशरची छोटी टाकी बसवावी, त्याशिवाय गीझर घेऊ नये असं मला वाटतं. आमच्या घरात मात्र सगळे बादली-तांब्याने अंघोळ करणारे. नळ पूर्ण सोडून बादली भरायची, पंप सलग चालतो, ज्योत हलत नाही. तीन-चार मिनिटांत बादली भरते, मग ती आत न्यायची.

विजेवर पाणी तापवणाऱ्या टाकीचं विचाराल तर शेगावसारख्या ठिकाणी भक्त निवासाजवळ, सोळा अँपिअरचा पॉवर प्लग मिळणार असेल, तर तिच्याइतकं सोपं काही नाही. पण ढाब्यावरच्या बोर्डाला रात्री १७० व्होल्ट मिळाले, तर २००० वॉटचा रॉड ११०० वॉटच्या आसपासच काम करतो आणि ढाबेवाल्याची वायर तापते ती वेगळीच. गाडीच्या बॅटरीवर तर विचारच करू नका.

तेव्हा आत दार लावून शॉवर घेणं तुमच्यासाठी महत्त्वाचं असेल, बरोबर लहान मूल असेल किंवा हिमाचलकडे जाणं असेल, तर बॉयलरच बरा. फक्त अर्थिंगचे सगळे जोड आधी उघडून घासा, बोर्डावरचं व्होल्टेज पंप चालू असताना मोजा, आणि एक मॅग्नेशियमचा रॉड व एक बोर्ड आधीच घेऊन ठेवा. माझ्यासारखं विदर्भातल्या आडगावांतून फिरणं असेल आणि बादली चालत असेल, तर मला गीझर जास्त बरा वाटतो. गेल्या पौषात नागझिऱ्याजवळ पहाटे टिकटिक ऐकू आली नाही, तेव्हा अंधारात टॉर्च न लावता दोन सेल बदलले आणि आईची बादली वेळेवर भरली.