बॅरी सँडर्सची जर्सी आणि माझे 2,435 डॉलर

लिहायला लाज वाटते आहे, पण गप्प बसलो तर पुढचा नंबर तुमच्यापैकी कुणाचा तरी लागेल. डेट्रॉइटकडच्या आपल्या मंडळींनी तर नीट वाचा.

21 डिसेंबर 1997 च्या सामन्यात डेट्रॉइट लायन्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या बॅरी सँडर्सने घातलेली, त्याची सही असलेली 20 नंबरची निळी जर्सी. एका साइटवरची जाहिरात पाहून तिच्यासाठी विक्रेत्याला आधी 1,600 डॉलर दिले. मग ‘इन्शुरन्स आणि दुसरं प्रमाणपत्र’ म्हणून 750. शेवटी सही तपासायला 85. विक्रेत्याने पैसे पेमेंट अ‍ॅपवर, खरेदी म्हणून नाही तर ‘मित्राला पाठवतोय’ असं दाखवून घेतले. जर्सी खोटी निघाली आणि पैसे बुडाले. या पद्धतीने कुणी पैसे मागितले की तिथेच थांबा.

मी काही नवखा नाही. त्या दिवशी मी स्वतः पॉन्टिअ‍ॅकच्या सिल्व्हरडोममध्ये, म्हणजे लायन्सच्या तेव्हाच्या स्टेडियममध्ये होतो. अमेरिकेतलं माझं दुसरं वर्ष. बॅरीने जेट्स संघाविरुद्ध चेंडू घेऊन धावत 184 यार्ड काढले आणि हंगामाचे 2,053 झाले. त्याच सामन्यात लायन्सचाच रेजी ब्राउन निपचित पडला, त्याचा श्वास थांबला, अख्खं स्टेडियम चिडीचूप झालं होतं. बॅरी म्हणजे टचडाउन (गोल) केल्यावर न नाचता चेंडू पंचाच्या हातात देणारा माणूस! कारकिर्दीत धावून काढलेल्या यार्डांच्या वॉल्टर पेटनच्या विक्रमाला फक्त 1,457 यार्ड कमी असताना 1999 च्या जुलैमध्ये आपल्या गावच्या, विचिटाच्या वर्तमानपत्राला निवृत्तीचा फॅक्स पाठवून मोकळा झाला. अशा माणसाची एखादी वस्तू घरात असावी असं वाटलं, यात माझं काय चुकलं?

चुकलं ते प्रमाणपत्र वाचताना. चकचकीत होलोग्राम आणि त्याखाली ठसठशीत अक्षरात ‘फोर्ड फील्ड, डेट्रॉइट’. अहो, फोर्ड फील्ड हे लायन्सचं नवं स्टेडियम उघडलं 2002 मध्ये! बॅरी लायन्सकडून तिथे एकही सामना खेळलेला नाही. 2023 मध्ये तिथे त्याचा पुतळा उभा राहिला, तेवढाच. त्या कागदाचा फोटो पैसे देण्याआधी दोन दिवस माझ्या फोनमध्ये होता. दोन दिवस! मी तो मोठा करून पाहिला तो सहीसाठी, ती ओळ डोळ्यांखालून गेली आणि मला काहीच खटकलं नाही. जर्सी आली तेव्हा कापड कोरं करकरीत. कृत्रिम गवतावर लोळलेल्या जर्सीला एक ओरखडा नाही, बाहीचा एक दोरा उसवलेला नाही. तपासणाऱ्याने सांगितलं, सही मशीनने केलेली आहे. प्रमाणपत्र विक्रेत्याचं असेल तर ते रद्दी समजा.

तक्रारीचं तर विचारूच नका. इथले पोलीस म्हणतात, विक्रेता दुसऱ्या राज्यातला, तिकडे जा. तिकडचे म्हणतात, राहता तिथे तक्रार करा. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. पेमेंट अ‍ॅपकडून दोन ओळींचा छापील ईमेल. जाहिरात होती त्या साइटवर जिवंत माणूस भेटतच नाही. एका अधिकाऱ्याने तर मलाच विचारलं, “जर्सी मिळाली ना? मग फसवणूक कसली?” खोट्या सह्यांच्या धंद्यावर एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ चालवलं होतं, तरी यांना हा गुन्हाच वाटत नाही! 11 महिने झाले, सात फॉर्म भरले, हातात फक्त तक्रार क्रमांक.

स्क्रीनशॉट आधी काढा; माझे अर्धे मेसेज विक्रेत्याने उडवले. आणि कुठे चूक सापडली ते त्याला चुकूनही सांगू नका. मी संतापाच्या भरात लिहिलं होतं की बॅरी फोर्ड फील्डवर खेळलाच नाही. परवा त्याची नवी जाहिरात दिसली. तीच जर्सी, तोच होलोग्राम, आणि प्रमाणपत्रावर ‘सिल्व्हरडोम, पॉन्टिअ‍ॅक’.