लाल वीट, राखेची वीट की ब्लॉक? साताऱ्या-सांगलीत भिंत निवडताना

आरसीसी फ्रेमचं, म्हणजे काँक्रीटच्या कॉलम-बीमवर उभं घर, तळमजला आणि वर एक मजला. भिंतीसाठी तीन पर्याय समोर येतात: भट्टीची लाल वीट, फ्लाय ॲशची म्हणजे राखेची वीट, आणि एएसी ब्लॉक, म्हणजे हवेच्या बारीक पोकळ्यांचा हलका काँक्रीटचा ब्लॉक, ज्याला साइटवर सगळे सिपोरेक्सच म्हणतात. दर विचारताना नगाचा विचारू नका. एक ब्रास, म्हणजे शंभर चौरस फूट भिंत माल, मजुरी आणि प्लास्टरसकट कितीला पडते ते विचारा. ६०० × २०० × २०० मिमीचा एक ब्लॉक नऊ-चार-तीन इंचाच्या दहाएक विटांची जागा घेतो, त्यामुळे नगाचे दर शेजारी मांडून काहीच कळत नाही.

लाल विटेचा दर्जा गाडीगणिक बदलतो, म्हणून तपासणीही तिचीच जास्त. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजल्या पाहिजेत. नखाने ओरखडा उठता कामा नये. मीटरभर उंचीवरून टाकली तर तुकडे होऊ नयेत. कोरडी वीट तोलून २४ तास पाण्यात बुडवा. ३ किलोची वीट ३.६ किलोच्या वर गेली तर ती कच्ची.

आपल्याकडे खरी डोकेदुखी मातीची. काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात. भट्टीत त्यांचा चुना होतो आणि पुढे भिंतीत ओल मिळाली की तो फुगून टवका उडवतो. प्लास्टरवर रुपयाएवढा खड्डा आणि मधोमध पांढरा ठिपका दिसला, तर कारण हेच. म्हणून प्रत्येक गाडीतल्या पाच-सहा विटा फोडून बघा. आत ज्वारीएवढे पांढरे दाणे दिसले तर गाडी उतरवूच नका. दुसरा त्रास लोण्याचा, म्हणजे विटेवर पांढरे क्षार फुटण्याचा. मिरज-वाळव्याकडच्या क्षारपड रानातली माती असेल तर तो हमखास तपासावा. ताटलीत २५ मिमी पाणी घालून वीट उभी ठेवा. पाणी आटलं की पुन्हा तेवढंच घाला. तेही आटल्यावर निम्म्याहून जास्त अंग पांढरं झालं तर ती वीट भिंतीत नको.

राखेच्या विटेला हे दोन्ही प्रश्न बरेच कमी. मापही एकसारखं, त्यामुळे प्लास्टर पातळ बसतं. पण ती ताजी घेऊ नये. पाडल्यापासून निदान २१ दिवस झालेली, पाणी मारून पिकवलेलीच घ्यावी. कोपरे हाताने कुस्करले तर कारखान्यात घाई झाली आहे. आणखी एक गोची म्हणजे, लाल विटेची सवय असलेला गवंडी हीही वीट टाकीत बुडवतो. लाल वीट बुडबुडे थांबेपर्यंत भिजवायचीच असते, राखेच्या विटेवर मात्र नुसता शिपका मारायचा. भिजवून लावली की ती सिमेंट-वाळूच्या मालावर पोहते, वाळताना आक्रसते आणि सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांची चीर जाते.

ब्लॉकची जमेची बाजू वजनाची. विटांच्या भिंतीचं घनमीटरला सुमारे १९०० किलो, ब्लॉकचं ६५०च्या आसपास. भूकंपाचा धक्का वजनाच्या प्रमाणात बसतो, म्हणून ११ डिसेंबर १९६७चा भूकंप आठवणाऱ्या पाटण-कोयना भागात हा मुद्दा सगळ्यांत वरचा. उलट जोत्याखाली ब्लॉक वापरू नये. २०१९ला सांगलीत जिथं पुराचं पाणी चढलं तिथं तळमजल्यालाही तो नको, कारण तो पाणी पितो आणि वाळायला वेळ लावतो. तिथं पक्की भाजलेली लाल वीटच बरी. ब्लॉकचा सांधा रेडिमिक्स केमिकलमध्ये, म्हणजे ब्लॉक चिकटवायच्या तयार मसाल्यात, ३ मिमीचा. कॉलमला भिडतो तिथं जाळी मारली नाही तर उभी चीर ठरलेलीच.

पण यातलं काहीही घेतलं तरी घाण करणारा हात गवंड्याचाच असतो. नऊ इंची भिंतीला सहा वाळूस एक सिमेंट, साडेचार इंचीला चारास एक माल. वाळू घमेल्यानं मोजली की प्रत्येक घमेलं शिगोशीग भरून येतं आणि सहाचं आठ होतं. ४० × ३५ × २५ सेमीचा फर्मा, म्हणजे मापाची पेटी करून घ्या, त्यात बरोबर एक गोणी सिमेंट मावतं. विटेचा सांधा १० मिमीचा, वीस नव्हे. नुकतीच लावलेली एखादी वीट उचलून पाहा: खाली माल सगळ्या अंगाला चिकटलेला हवा. नुसत्या दोन कडांना असेल तर मध्ये पोकळी आहे. उभे सांधे तर बहुतेक जण रिकामेच सोडतात, आणि जावळी-महाबळेश्वरकडचा पाऊस पश्चिमेच्या भिंतीतून तिथूनच आत येतो.

भिंत ओळंब्यातून ३ मीटर उंचीला ६ मिमीच्या आतच हलू द्या. दिवसाला दीड मीटरपेक्षा उंच चढू देऊ नका. साडेचार इंचीत मीटरभर उंचीला सळई घालून काँक्रीटची पट्टी हवीच. भिंतीवर पाणी किमान ७ दिवस मारा. जत-आटपाडी-माणकडे टँकरचा हिशेब आधी करून ठेवा, नाहीतर चौथ्या दिवशी पाणी बंद होतं. बीमखालचा शेवटचा थर मात्र लगेच भरू देऊ नका. खालची भिंत आठवडाभर बसू द्या, मगच तो सांधा ठासून भरा.