कॉर्टिसॉल कमी: बिघाड ग्रंथीत की वरच्या आदेशात?

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाला तोंड द्यायला लागणारं संप्रेरक बनवतात. ते बनवण्याचा आदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून एसीटीएच या संप्रेरकातून येतो.

१८५५ मध्ये थॉमस अ‍ॅडिसन यांनी वर्णन केलेल्या आजारात ग्रंथीच निकामी होतात. भारतात क्षयरोग हे त्याचं एक महत्त्वाचं कारण. कॉर्टिसॉल कमी पडल्याने पिट्युटरीचा आदेश, म्हणजे एसीटीएच, वाढतं, म्हणून हिरड्या आणि तळहातांच्या रेषा काळवंडतात. शरीरातले क्षार सांभाळणारं, याच ग्रंथींचं अल्डोस्टेरॉनही घटतं: सोडियम उतरतं, पोटॅशियम चढतं, सारखं खारट खावंसं वाटतं. त्यामुळे कॉर्टिसॉलची जागा घेणाऱ्या हायड्रोकॉर्टिसोनसोबत (साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम रोज, २-३ भागांत) अल्डोस्टेरॉनची जागा घेणारं फ्लुड्रोकॉर्टिसोनही लागतं. क्षयासाठी रिफाम्पिसिन हे औषध चालू असेल तर यकृत हायड्रोकॉर्टिसोन झपाट्याने संपवतं. डोस वाढवून घ्यायलाच हवा.

दुसऱ्या प्रकारात मूळ दोष ग्रंथींत नसतो, आदेशच पोहोचत नाही. अनेकदा दमा किंवा संधिवातासाठी महिनोन्‌महिने घेतलेलं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड एकदम थांबवल्यावर हे उघड होतं, कारण बाहेरून स्टेरॉइड मिळत असताना पिट्युटरीचा आदेश मंदावलेला असतो. त्वचा काळवंडत नाही, पोटॅशियम बिघडत नाही, म्हणून निदान सहज हुकतं. इथे फ्लुड्रोकॉर्टिसोन लागत नाही.

ताप आला की दोन्हींत हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट-तिप्पट. उलट्यांनी गोळी टिकत नसेल तर वाट पाहू नका: १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन, आणि थेट रुग्णालय.