अंबाबाईच्या नवरात्रात कोल्हापुरात आमचे २६,९७२ रुपये कसे गेले

२०२५ च्या नवरात्रात, तिसऱ्या माळेच्या दिवशी, कोल्हापुरात आमची २६,९७२ रुपयांची फसवणूक झाली. जेवणाचे १,६७२, चपलांचे १०,६००, ठुशीचे १४,५०० आणि चप्पल सांभाळण्याचे २०० रुपये, असा तो हिशेब आहे. हे लिहायला मला इतके दिवस लागले याचे कारण लाज हेच आहे. मी गेली एकवीस वर्षे नोकरी करते, घरचे सगळे व्यवहार मीच पाहते आणि नातेवाईक काही मोठी खरेदी करायची झाली की मला बरोबर नेतात. देवस्थानाच्या गावात गोड बोलून ठरावीक दुकानात नेणारे लोक असतात, त्यांचे कमिशन गिऱ्हाइकाच्या बिलातून निघते, हे तुम्हाला जसे ठाऊक आहे तसे मलाही ठाऊक होते. तरीही मी फसले, आणि ज्या पद्धतीने फसले ती पद्धत पुढच्या नवरात्रात कुणावर तरी पुन्हा वापरली जाणार आहे, म्हणून हे लिहीत आहे.

आम्ही चौघे होतो: मी, माझे यजमान, मुलगी आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचे आणि माझे नऊ दिवसांचे उपवास होते. पहाटे साडेपाचला रांगेत उभे राहून सव्वादहाच्या सुमारास दर्शन झाले. बाहेर आलो तेव्हा आम्ही सकाळपासून पाण्याखेरीज काही घेतलेले नव्हते, हे मी मुद्दाम सांगते. घरी बसून वाचणाऱ्याला ‘एवढे कसे कळले नाही’ असे वाटणे सोपे आहे.

चपला जिथे ठेवल्या होत्या तिथला माणूस साधारण पस्तिशीचा, कपाळाला मळवट, गळ्यात भगव्या फितीला लावलेले ओळखपत्र. ओळखपत्रावर अंबाबाईचा फोटो होता आणि खाली ‘स्वयंसेवक’ असे छापलेले होते. एका जोडामागे ५० रुपये घेतले तेव्हा मी कुरकुरले, पण त्याने तेवढ्यात सासूबाईंना बसायला खुर्ची दिली, पाणी दिले आणि त्यांचे पाय सुजलेत का म्हणून चौकशी केली. त्याचा देवस्थानाशी काडीचाही संबंध नव्हता, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले. असली ओळखपत्रे कोणत्याही छपाईच्या दुकानात करून मिळतात. गळ्यातल्या फितीवर विश्वास ठेवू नका.

त्याने आम्हाला काहीही विकत घ्या असे सांगितले नाही. उलट तो म्हणाला, “ताई, सणात हितं लई फसवत्यात. चपला घेणार असला तर बघून घ्या. निम्मा माल भायेरचा असतोय, रेक्झिनचा. मावशींना घेऊन उगं फिरू नका.” हे बोलणे खरे होते. कोल्हापुरी म्हणून नकली माल सगळीकडे विकला जातो, हे मी स्वतः वाचलेले होते. त्याच वर्षी जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि त्यावर एवढा गदारोळ झाला, तेव्हापासून भाव वाढले आणि नकलाही वाढल्या, हेही त्याने सांगितले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील चार-चार जिल्ह्यांत बनलेल्या चपलेलाच ते नाव लावता येते, ही माहिती तर त्याने मला माझ्यापेक्षा नेमकी दिली. फसवणुकीपासून सावध करणारा माणूसच फसवणारा असेल, हे माझ्या मनाला शिवले नाही. माझी सावधगिरी त्याने स्वतःच्या हातात घेतली आणि मी ती त्याला दिली.

जेवणाचे थोडक्यात सांगते. त्याने दाखवलेल्या ठिकाणी बाहेरच्या फलकावर उपवासाची थाळी २२० रुपये होती. आत दरपत्रक नव्हते. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि दोन राजगिऱ्याच्या पुऱ्या आल्या. बिलात थाळी ३८० रुपये लावली होती, म्हणजे चार थाळ्यांचे १,५२० आणि त्यावर १५२ रुपये ‘सेवा आकार’. विचारल्यावर बाहेरचा दर ‘साध्या’ थाळीचा आहे आणि ती संपली आहे असे उत्तर मिळाले. सेवा आकार आपोआप बिलात घालता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच तसे स्पष्ट केले आहे आणि गिऱ्हाइकाला तो काढून टाकायला सांगता येतो, हे मला माहीत असूनही सासूबाईंसमोर, सणाच्या दिवशी, दीडशे रुपयांसाठी वाद नको म्हणून मी पैसे दिले. तिथेच उठून उभी राहिले असते तर पुढचे पंचवीस हजार वाचले असते. जो माणूस आपल्याला अशा ठिकाणी जेवायला नेतो तो पुढे कुठे नेईल, हे समजायला आणखी काय हवे होते?

तो बाहेर थांबलेलाच होता. त्याने आम्हाला महाद्वार रोडच्या मागच्या एका बोळात, एका जुन्या घराच्या बाहेरच्या खोलीत नेले. “ह्यो कारागिरांचा स्वतःचा माल, मधी दलाल न्हाई,” असे तो म्हणाला. खोलीत कच्च्या चामड्याचे दोन-तीन तुकडे, आरी, दोऱ्याचे रीळ, लाकडी ठोकळा असे सगळे मांडलेले होते. आता आठवते की दीड तासात त्या आरीला कुणी हात लावला नाही.

समोर ठेवलेली कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) चप्पल मात्र खरी होती, आणि हेच त्यांचे तंत्र आहे. विक्रेत्याने ती माझ्या हातात दिली, वाकवून दाखवली, करकर ऐकवली. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याचा उग्र वास तिला येत होता, वेणी हाताने विणलेली होती, तळाची शिवण चामड्याच्या वादीची होती आणि कुठेही खिळा नव्हता. मी सगळे तपासले. मग त्याने चौघांच्या पायांची मापे घेतली आणि आतल्या खोलीतून ‘मापाचे जोड’ आणले. ते एकेक करून आमच्या पायात घातले, बरोबर बसले, आणि आम्ही दराची घासाघीस करत असताना त्याच्या मदतनिसाने चारही जोड वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधून टाकले. २,९०० चा जोड २,६५० वर आला आणि मला आनंद झाला.

आता ज्या क्षणासाठी मी स्वतःला अजून माफ केलेले नाही, तो सांगते. मदतनिसाने पिशवी माझ्या हातात दिली. चार जोड चामड्याच्या चपला, आणि ती पिशवी मी दोन बोटांवर सहज धरली. मी यजमानांकडे वळून म्हटलेसुद्धा, “अहो, ही किती हलकी आहे.” पाच मिनिटांपूर्वी जो एक जोड मी हातात घेतला होता त्याचे वजन माझ्या तळव्याला अजून आठवत होते. माझ्या हाताला कळले होते, माझ्या तोंडाने ते उच्चारलेही होते. विक्रेता लगेच म्हणाला, “हातानं बनवलेली चप्पल हलकीच असती, ताई,” आणि यजमानांनी मान डोलावली. सुतळी सोडा, असे दोन शब्द मला बोलता आले नाहीत. का, याचा मी खूप विचार केला आहे. सासूबाई थकल्या होत्या, मुलगी कंटाळली होती, तो ‘स्वयंसेवक’ दारात हात जोडून उभा होता, आणि एवढ्या सभ्य माणसांवर संशय घेणे मला असभ्यपणाचे वाटले.

ठुशी त्यानंतर निघाली. हुपरीची, चांदीवर सोन्याचे पाणी चढवलेली, वजन ३२ ग्रॅम, सोबत छापील ‘शुद्धता प्रमाणपत्र’. हुपरी हे चांदीच्या दागिन्यांचे गाव आहे हे खरेच आहे, त्यामुळे शंका आली नाही. सासूबाईंच्या आईची ठुशी होती, ती धाकट्या बहिणीकडे गेली, ही गोष्ट त्या आम्हाला नेहमी सांगतात, म्हणून ती त्यांच्यासाठी घेतली. पैसे क्यूआर कोडवर दिले. मोबाइलवर दुकानाचे नाव येण्याऐवजी एका व्यक्तीचे नाव आले, आणि ते मी वाचले. दुकानाचे पैसे व्यक्तीच्या खात्यात जात असतील तर तिथेच थांबावे. बिल म्हणून मिळालेल्या चिठ्ठीवर रबरी शिक्का होता, जीएसटी क्रमांक नव्हता, पत्ता म्हणून ‘महाद्वार रोड, कोल्हापूर’ एवढेच होते, आणि मालाच्या रकान्यात ‘चप्पल ४’ व ‘ठुशी १’ असे लिहिले होते. चामडे हा शब्द नाही, चांदी हा शब्द नाही. तुम्ही घ्याल त्या बिलावर हे शब्द लिहून घ्या.

संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेलो. समोर म्हैस पिळून पेल्यात फेसाळ, कोमट दूध देतात. त्या दिवशी आम्हाला योग्य दरात मिळालेली ती एकमेव गोष्ट होती. उपवास असेल तर थेट तिथेच जा. परतताना भुरभुर पाऊस आला आणि लॉजच्या पायऱ्यांवर यजमानांच्या नव्या चपलेचा तळ पुढून उघडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चप्पल लाइनमधल्या एका वयस्कर दुकानदाराला ती दाखवली. त्यांनी सुरीचे टोक तळाच्या कडेत घातले आणि पापुद्रा उचलला. आत करड्या रंगाचा पुठ्ठा होता, भिजून लगदा झालेला, वर रेक्झिन आणि खाली रबराची पातळ पट्टी. “आमच्या पायताणाचं नाव घालवलं ह्यांनी,” एवढेच ते म्हणाले. त्यांना माझ्याइतकाच राग आला होता, हे कोल्हापूरकरांच्या बाजूने मला आवर्जून नोंदवायचे आहे. त्यांच्याकडे तसाच खरा जोड १,४५० रुपयांना मिळाला, पक्क्या बिलासह. मग गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, जाऊन ठुशी दाखवली. सराफाने कसोटीवर एक मणी घासला, पितळ निघाले.

आम्ही त्या बोळात गेलो. खोलीला कुलूप होते. घरातल्या बाईंनी सांगितले की खोली सणापुरती दहा दिवस भाड्याने दिली होती आणि माणसे ‘काल रात्रीच’ सामान घेऊन गेली. भाडेकरार नाही, ओळखीचा कागद नाही.

आता तक्रारीचे. बंदोबस्ताच्या मंडपातल्या हवालदाराने आम्हाला सांगितले की त्या माणसाला पकडून आणा, मग बघू. पकडून आणायचे काम आमचे असेल तर मंडप कशासाठी आहे? तिथून पोलीस ठाण्यात गेलो. अडीच तास बाकावर बसवले. जे अधिकारी भेटले त्यांनी चिठ्ठी पाहिली आणि विचारले, “चप्पल चार लिहिलंय, चार मिळाल्या ना?” मी पुठ्ठा दाखवला, मणी दाखवला, व्यवहाराचा तपशील दाखवला. हा प्रकार दिवाणी स्वरूपाचा आहे, पैसे तुम्ही स्वखुशीने दिलेत, बंदोबस्त संपल्यावर या, असे उत्तर मिळाले. ठाणे शहरात राहणाऱ्या माणसाने दसरा झाल्यावर पुन्हा कोल्हापूरला यायचे! भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीचेच आहे, असे मी म्हटल्यावर त्यांनी मला वकील आहात का असे विचारले. लेखी अर्ज घेतला, पण पोच देताना त्यावर शिक्का नाही, आवक क्रमांक नाही. ती खोली पोलीस ठाण्यापासून चालत दहा मिनिटांवर होती. घरमालकिणीला जाऊन एक प्रश्न विचारावा, एवढेही कुणाला वाटले नाही. त्या दिवसांत त्या खोलीत आमच्यासारखी किती कुटुंबे आली असतील, याचा विचार करून माझी झोप उडते.

घरी आल्यावर बँकेत गेले. पिन तुम्हीच टाकलात, म्हणून हा अनधिकृत व्यवहार नाही, असे सांगितले. खातेदाराचा पत्ता तरी द्या म्हटले तर पोलिसांचे पत्र लागते. पोलिसांचे पत्र गुन्हा नोंदल्याशिवाय मिळत नाही. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही आणि २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ही मोठी सोय आहे, पण तिथे विरुद्ध पक्षाचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो, आणि तो पत्ता बँकेकडे आहे, बँक तो पोलिसांना देणार, पोलीस तो मागणार नाहीत. एका हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तर विक्रेता नोंदणीकृत नसल्याचे कारण देऊन ती बंद करण्यात आली. विक्रेता नोंदणीकृत असता तर त्याने पुठ्ठा विकला असता का? या सगळ्यांच्या खेपांत माझ्या चार रजा गेल्या. पोलीस ठाण्याने गुन्हा नोंदवायला नकार दिला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवता येते. मी ते नोंदणीकृत टपालाने केले आहे, आणि पोचपावती माझ्याकडे आहे. तुमच्यावर वेळ आली तर पहिल्या दिवशीच ते करा, बाकावर बसून दिवस घालवू नका.

बांधलेले पुडके तिथेच, त्यांच्यासमोर सोडा. पायात घातलेला जोड पायातच ठेवा आणि जुना जोड पिशवीत घाला. जेवायला बसण्यापूर्वी दर लिहिलेला फलक मोबाइलमध्ये टिपून घ्या. सणापुरते मांडलेले दुकान असेल तर, माल कितीही खरा दिसला तरी, दागिना घेऊ नका.

क्यूआर कोडवर आलेले नाव मी इथे देत नाही, कारण असली खाती अनेकदा दुसऱ्याच कुणाची भाड्याने घेतलेली असतात. त्या नवरात्रात महाद्वार रोडच्या मागच्या बोळात, घराच्या बाहेरच्या खोलीतून कुणी चपला किंवा ठुशी घेतली असेल, तर चिठ्ठी आणि चप्पल टाकून देऊ नका आणि तुमचा अर्जही अधीक्षकांकडे पाठवा. तिथे सध्या माझा एकटीचा अर्ज आहे, आणि ठुशी पितळेची आहे हे सासूबाईंना सांगायचे अजून राहिले आहे.